एसीच्या पाठीवरची सुकट

आमच्या घरातला पहिला एसी शूटिंगवाल्यांनी टाकून दिलेला होता. मढला आमच्या कोळीवाड्याच्या पुढे बंगले आहेत, ते सिनेमावाल्यांना भाड्याने देतात. त्यातल्या एका बंगल्यात नवे एसी बसले तेव्हा जुने अंगणात पडून होते. माझा नवरा तिथे मासळी पोचवायला गेला आणि मासळीच्या बदल्यात एक विंडो एसी टेम्पोत घालून घरी आला. मी म्हटलं, "पापलेटं देऊन लोखंड कोण आणतं?" तर म्हणतो, "आधी लावू दे, मग बोल." लावला. त्या मे महिन्यात सगळं घर त्या एका खोलीत झोपलं आणि मी पुढे काही बोलले नाही.

त्या एसीचा खरा फायदा घेतला तो माझ्या सासूने. तिला घरात सगळे बय म्हणतात, मीसुद्धा. कोळ्यांत आईला बयच म्हणतात. ऐंशीच्या पुढे गेलीय, पण अजून सकाळी माझ्या पाटीतली मासळी उलथून बघते आणि "ही कालची हाय" म्हणून तोंड वाकडं करते. एसी आला तेव्हा ती त्या खोलीत पाय ठेवायला तयार नव्हती. समुद्राचा वारा सोडून डब्यातला वारा कशाला, म्हणायची. एकदा मागच्या बोळात कपडे काढायला गेली आणि एसीच्या पाठीतून येणारी गरम हवा तिच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी बघते तर एसीच्या जाळीला बोंबील टांगलेले!

आता हे काय प्रकरण ते सांगते. जून-जुलैत बोटी बंद असतात, ताजी मासळी नाही, म्हणून आम्ही उन्हाळ्यातच सुकट, बोंबील, सोडे वाळवून भरून ठेवतो. त्या बेगमीला आगोट म्हणतात. आगोट भरलेली असली की घरातल्या बाईला पावसाळ्याचा घोर नसतो. पण दमट हवेत तीच सुकी मासळी सादळते, मऊ पडते, बुरशी धरते, आणि वाळवायला ऊन तर नाहीच. बयने त्यावर हा इलाज शोधला. खोलीत आम्ही गार होतोय आणि मागे तिची सुकट कडकडीत होतेय. गल्लीतल्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन यायला लागल्या. बय त्यांचे नंबर लावायची. "आज तुझी नाय, उद्या ये," म्हणताना तिचा काय तो रुबाब! बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याचासुद्धा मी तसा पाहिला नाही.

असं सगळं मजेत चाललं होतं, तोवर माझ्या पोरीला दिवस राहिले. एकुलती एक पोर, लग्न करून मुलुंडला गेलेली. सासर मूळचं मालवणकडचं, आजोबा गिरणीत होते, आता घरातले सगळे नोकरीला, टॉवरमध्ये फ्लॅट, प्रत्येक खोलीत एसी. माणसं चांगली आणि मासे खाणारी, तेवढं मी आधीच बघून घेतलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कोणी ठरवत बसत नाही, ते असतंच. सातव्यात ओटी भरायची आणि पोरीला घेऊन यायचं. मी तर गोड बातमी कळल्यापासूनच डिंक, खोबरं, आळीव जमवायला लागले होते. आणि एका दुपारी पोरगी फोनवर म्हणते, "मम्मी, मी इकडेच थांबते ना. तुझ्याकडे फार गरम होतं."

बाजारात माझा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत जातो, पण तेव्हा तो चिमणीएवढा झाला. कसंबसं म्हटलं, "अगं, एसी आहे की!"

"तो एसी आहे? नुसता खडखड करतो. आणि कसली हवा येते त्यातून."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात गरम एवढंच बसलं. आणि खोटं तरी कुठे होतं? खाऱ्या हवेने त्या एसीचा पत्रा पापडासारखा झाला होता, बोट लावलं की तुकडा हातात. खडखड करायचा, दम खायचा, मध्येच गप्प व्हायचा. माझा नवरा त्याला वरून एक चापट मारायचा, की परत चालू. पण पहिलटकरीण पोर घरात ठेवून मी काय दिवसभर एसीला चापट्या मारत बसू?

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. रडून झाल्यावर राग आला. मी नवऱ्याला सांगितलं, "नवा एसी बसवायचा. आत्ताच्या आत्ता." तो म्हणाला, "दुरुस्त करून बघू." मी म्हटलं, "माझी पोर माहेरपणाला मुकली ना, तर तुला दुरुस्त करीन!" तो उठून जाळी विणायला निघून गेला. म्हणजे होकार.

एसीवाला आला वाकोल्याहून. एवढ्या लांब कोणी येत नव्हतं, म्हणून मी त्याला सुरमई खाऊ घालायचं कबूल केलं होतं. त्याने जुना एसी खिडकीतून ओढला आणि दोन पावलं मागे सरला. आतून बोंबलाची शेपटं, कोळंबीची सालं, उंदराने केलेलं चिंध्यांचं घर, असं काय काय घरंगळत खाली आलं. त्याने नाकाला रुमाल बांधला.

"मावशी, हा एसी होता की मच्छीमार्केट? चालत कसा होता हा?"

"आमच्यात सगली अशीच चालतात," बय म्हणाली. ती खुर्ची टाकून समोर बसली होती. जुना एसी बाहेर गेला तेव्हा तिचा चेहरा असा पडला की कोणाला वाटावं घरातलं माणूस निघालं. खिडकीचं भगदाड विटा लावून बुजवलं, तेव्हा तर उठून आत गेली.

पण नव्या एसीचा बाहेरचा डबा कुठे लावायचा ही गोष्ट निघाली, तशी लगेच परत आली. एसीवाला म्हणत होता, वर लावू, छपराजवळ. बय म्हणाली, "वर नको. वादल आयलं का उरून जाईल. खाली लाव, माझ्या हाताला येईल असा."

"आजी, तुम्हाला कशाला हाताला यायला पाहिजे?"

"पुसाया नको? धूल बसते."

मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, म्हातारी सुधारली. नव्या वस्तूची काळजी घेतेय. मीच एसीवाल्याला म्हटलं, "म्हातारं माणूस म्हणतंय ना, लाव खाली." आणि बयला बजावलं, "हे बघ, ह्या मशिनला तुझी सुकट लावायची नाही. नवीन आहे." तिने मान डोलावली. बय मान डोलावते तेव्हा ती काहीही कबूल करत नसते, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

ओटी झकास झाली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गल्लीतल्या बायकांची गाणी. पोरगी घरी आली ती जरा धास्तावलेलीच दिसत होती. खोलीचं दार लोटलं, आत शिरली, उभी राहिली आणि नाकाने लांब श्वास घेतला. मग हसली. "मम्मी, किती बरं वाटतंय गं इथे!" त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जेवली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी मी बोटीने पलीकडे वेसाव्याला उतरून अंधेरीच्या बाजारात गेले, आणि दिवसभरात एकाही गिऱ्हाइकाशी भांडले नाही. बाजूला बसणारी मला विचारते, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

आठवडाभर स्वर्ग. मग काय झालं कोण जाणे, एसी दुपारी गार करेना. सकाळी मी निघते तेव्हा खोली थंडगार. संध्याकाळी येते तेव्हाही थंड. पण मधल्या वेळेत पोरीचा फोन, "मम्मी, गरम होतंय. सारखं बंद पडतंय हे."

वाकोल्याचा एसीवाला परत आला. तो निघाला की मी बाजारातून घरी फोन करायचे, "मेकॅनिक येतोय, मागचा पसारा उचला, लाज आणू नका!" तो यायचा, गॅस बघायचा, जाळी धुवायचा, दिवा लावून आत बघायचा. एसी त्याच्यासमोर शहाण्या मुलासारखा चालायचा. "मावशी, मशीन एकदम बरोबर आहे," असं म्हणून तो सुरमई खाऊन जायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तेच रडगाणं. दुसऱ्या खेपेला मी बाजारातून लवकर आले आणि त्याला बोललेच, "तू दुरुस्तीला येतोस की जेवायला?" तो बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "मावशी, आईशपथ, काही खराबी नाय."

पोरगी मात्र उतरत चालली. दुपारी गरम झालं की नाइलाजाने दार उघडायची, आणि दार उघडलं की तिला उलट्या. चेहरा पांढरा. जेवण पुन्हा बंद. मी विचारलं तर म्हणायची, "गरमीने होतंय." माझा जीव टांगणीला लागला. आठव्या महिन्यात पोर पाण्यावर राहतेय आणि मी पलीकडे बर्फातले मासे विकत बसलेय! मी बाजारात जायचं बंद केलं.

आणि ज्या दिवशी मी घरी राहिले, नेमक्या त्याच दिवशी विहीणबाई आल्या. जावईबापूंनी गाडीने आणलं. हातात तांदळाच्या लाडवांचा डबा, तोंडभर हसू. मी त्यांना थेट खोलीत नेलं, नवा एसी दाखवायला. आत पोरगी घामाघूम, ओढणीने वारा घेत पडलेली. एसीतून येत होती नुसती हवा, तीसुद्धा कोमट. विहीणबाईंचं हसू गेलं. त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला, तिचे डोळे बघितले आणि माझ्याकडे वळल्या.

"विहीणबाई, राग मानू नका. पण तिका मी घेवन जातंय. आजच."

त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. माझी पोर माझ्या दारातून परत जाणार, ओटी भरून आणलेली पोर. लोक काय म्हणतील ते गेलं खड्ड्यात, मला स्वतःलाच ते सोसवणार नव्हतं. "चहा टाकते," एवढं बोलून मी बाहेर आले आणि चहा न टाकता सरळ मागच्या बोळात गेले. मला त्या मशिनला एक लाथ घालायची होती.

तिथे बय बसली होती. पाटावर, आरामात. आणि त्या नव्याकोऱ्या डब्याच्या तोंडावर, पंख्याच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनं जाळं ताणून बांधलेलं, आणि त्यात सुकट भरलेली, गच्च. वर बोंबलाच्या माळा. बाजूला गल्लीतल्या बायकांच्या पिशव्या, ओळीत. पंख्याला श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती.

"बय!" मी अशी ओरडले की शेजारच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. "काय करून ठेवलंस गं हे! म्हणून गार होत नाही! म्हणून तो मेकॅनिक येड्यासारखा फेऱ्या मारतोय!"

"तो येतो तवा मी उचलते की," बय शांतपणे म्हणाली. "तूच सांगतेस ना, पसारा उचला म्हणून. आन येवरा गरम वारा फुकट चाललाय, मना बघवत नाय."

मी कपाळाला हात लावला. मग जाळं ओढून काढलं, सुकट सगळी बोळात सांडली, बय माझ्या नावाने ओरडायला लागली, मी तिच्या. आवाज ऐकून आतून विहीणबाई आल्या आणि त्यांच्या मागे भिंत धरत पोरगी. तिने तो ढीग बघितला, ओढणी तोंडाला लावली आणि मोरीकडे पळाली.

परत आली ती डोळे पुसत. मी म्हटलं, "झालं आता, सापडलं. हे काढलं की खोली गार होईल. कुठे जायला नको तुला."

"गरमीचं नव्हतंच मम्मी," ती म्हणाली, आणि हुंदके द्यायला लागली. "वासाचं होतं. मला सुक्या मासळीचा वास सहनच होत नाही. दिवस राहिल्यापासून. तिकडे घरात सुकं आणलं तरी मी बाल्कनीत जाऊन बसते. जुन्या एसीतून तर मागचा सगळा वास खोलीत यायचा, म्हणून येत नव्हते मी. नव्या एसीत तो यायचा बंद झाला, पण दार उघडलं की पुन्हा तेच."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? कोळ्याची पोर मी. ह्याच्यावर वाढले. बयला काय वाटलं असतं?"

आम्ही सगळ्यांनी बयकडे बघितलं. ती खाली बसून सांडलेली सुकट सुपात भरत होती, तिचे हात थांबले. मला वाटलं, आता हिला लागलं. साठ-सत्तर वर्षं जिने मासळीवर संसार ओढला, तिच्या पणतवंडाच्या आईला मासळीची किळस यावी!

बय हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग खदखदा. पार सूप कलंडलं.

"अगो, तुझा बाप पोटात व्हता तवा मना पाटी बघितली का उमासे यायचे! पाटी डोक्यावर, आन मी तोंडात चिंच धरून चालायची. लोकांना वाटायचं, डोहाले हायत. सासूला कशी सांगू? ती बोलली असती, ही कोलीन हाय का कोन हाय? मना वाटायचं, माझ्यातच कायतरी खोट हाय." हसता हसता तिने डोळे पुसले. "आजपातूर कोनाला बोलली नाय."

माझ्या नवऱ्याच्या जन्माला किती वर्षं झाली! एवढी वर्षं ही बाई ते पोटात ठेवून होती. मला भडभडून आलं. विहीणबाईसुद्धा पदराने नाक पुसत होत्या.

मग बय उठली आणि जे सुरू झालं ते थांबवायची कोणाची टाप नव्हती. माळ्यावरची पिंपं खाली आली. सुकट, बोंबील, सोडे, बांगडे, सगळी आगोट तिने पिशव्यांत भरली, तोंडं सुतळीने बांधली आणि विहीणबाईंच्या पायापाशी ओळीने ठेवली.

"पोरीला नको नेऊ," ती म्हणाली. "ह्ये ने."

विहीणबाईंनी पिशव्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. पोरीने माझा दंड घट्ट धरला होता. "आई, मी इथेच राहते," ती म्हणाली. विहीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि सर्वांत जाड बोंबलांची पिशवी आधी उचलली. पोरीला न्यायला निघालेली गाडी आमची आगोट घेऊन मुलुंडला गेली. जावईबापूंनी चारही काचा खाली करून गाडी चालवली म्हणे, आणि तरी त्यांच्या ऑफिसातले लोक महिनाभर त्यांच्या गाडीत बसत नव्हते.

गल्लीतल्या बायकांना बयने आपापल्या पिशव्या परत केल्या. "मशीन बंद," एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. आम्ही बोळ धुतला, जमीन घासली, भिंतीला चुना मारला. खोली गार झाली ती झालीच. त्या पावसाळ्यात आमच्या घरात सुकटीचा तुकडा नव्हता. बय वरणभात जेवायची. मी पुन्हा बाजारात जायला लागले, पण पाटी बाहेरच धुऊन, अंघोळ करून आत यायचे. बय मात्र खोलीत येत नव्हती. दाराबाहेर पाट टाकून बसायची, तिथूनच पोरीला विचारायची, जेवलीस का, बाळ हललं का. मला वाटलं, एसीचा जुना राग असेल.

एका दुपारी मी न्हाणीघरात गेले तर बय मोरीवर बसून हात घासत होती. साबण लावून झाला होता, लिंबाच्या साली पडल्या होत्या, आता चिंचेच्या कोळाने चोळत होती. बोटं लाल झाली होती. मला बघून म्हणाली, "जात नाय गो."

मग ती तशीच ओल्या हातांनी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पाय टाकला नाही. दोन्ही हात पुढे केले, लहान मुलं नखं दाखवतात तसे.

"बघ गो, येतंय का वास? येऊ का आत?"

पोरगी पलंगावरून उठली, दारापर्यंत आली. बयचे हात तिने नाकाशी नेले.

"येतोय," पोरगी म्हणाली. "ये तू."

आणि ते दोन्ही हात तिने आपल्या पोटावर ठेवले.